रिकाम्या चौकटीतली उचकी

आई, ताई आणि धाकटा, तिघं तीन गावांत. दर रविवारी सकाळी एकमेकांना बघून गप्पा मारता याव्यात म्हणून धाकट्यानं स्वतः प्रोग्राम लिहिला होता. आईनं तो अख्ख्या बिल्डिंगला दाखवला. पोरगा एरवी काय काम करतो, हे तिला त्या दिवशी कळलं म्हणे!

ताईच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. डॉक्टर झाले, औषधं झाली, आता तो विषय कुणी काढत नसे. ताई सगळ्यांना पोट धरून हसवायची, आणि कॉल संपताना आईचा आवाज उगाच जड व्हायचा.

एका रविवारी स्क्रीनवर चौथी चौकट उगवली. काळी, बिननावाची.

"हे कोण रे?" आई म्हणाली.

"माझाच गाढवपणा, दुसरं काय! सगळी कनेक्शनं एका अ‍ॅरेत असतात, रांगेत. लूप एकेकाला विचारत जातो, आहेस का? तुटलेल्याला काढतो. पण एक काढला की मागचे पुढे सरकतात, आणि सरकून आलेल्याला न विचारताच लूप पुढे जातो."

"म्हणजे बाकावरचा एक उठला, बाकीचे सरकले, आणि कंडक्टरनं एकाला तिकीटच विचारलं नाही," ताई म्हणाली.

"अगदी बरोबर!"

त्यानं लूप शेवटाकडून उलटा फिरवला. म्हणजे सरकासरकीची भानगडच नको. प्रोग्राम पुन्हा चालू केला आणि खुर्चीत रेलून बसला.

चौकट तिथंच होती.

त्यानं त्या चौकटीचा पत्ता तपासला. कनेक्शन ताईच्या घरातून येत होतं.

"ताई, दुसरा फोन चालू आहे का गं?"

"नाही रे. एकटीच तर आहे घरात."

लूप विचारत होता, आहेस का? दर वेळी उत्तर येत होतं, आहे. शेवटी हातानंच काढून टाकू म्हणून धाकट्यानं बटणावर बोट ठेवलं.

हेडफोनमध्ये उचकी ऐकू आली. लहान मुलाची. मग खुदकन हसू.

"मामा, मला काढू नको ना."

त्याला आजवर कुणी मामा म्हटलं नव्हतं. त्यानं बोट उचललं आणि कुणाला काही सांगितलं नाही. नंतर दर रविवारी तो आधी ती चौकट बघायचा, मग आईला.

एके दिवशी चौकट नव्हती. त्यानं काहीच काढलं नव्हतं, तरी नव्हती. त्यानं कनेक्शनांची रांग पुन्हा पहिल्यापासून तपासली.

तेवढ्यात ताई रडत-हसत ओरडली, "अरे, मामा होणार आहेस तू!"

आई खुर्चीतून उठून नाचलीच. धाकटा इतका ओरडला की शेजारी धावत आले.

ताईची चिमणी आता तीन वर्षांची आहे. फार हसली की उचकी लागते तिला. परवाच्या रविवारी ती ताईच्या मांडीवर बसून आजीला वाकुल्या दाखवत होती, आणि मध्येच थांबली. स्क्रीनला नाक लावून बघत राहिली.

"मामा, त्यांना काढू नको हं."

"कुणाला गं?" ताई हसत म्हणाली. मग तिनंही पाहिलं. तिचा हात हळूच पोटाशी गेला. "अरे... मी तर अजून डॉक्टरकडेसुद्धा गेले नाहीये."

चिमणीनं स्क्रीनवर दोन बोटं टेकवली. एकेका काळ्या चौकटीवर एकेक.