फळीवर सरकवलेली ताटं

खरं मानायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. त्या धुक्याच्या दुपारी मी तिथेच होते.

हमरस्त्याच्या वळणावर आमची खानावळ. वर मुक्कामाच्या खोल्या, खाली हॉल. सासऱ्यांनी उभी केलेली.

हॉल ते सांभाळायचे, स्वयंपाकघर मी. मधल्या भिंतीत झडपेची एक खिडकी. गिऱ्हाईक बसलं की सासरे झडपेवर बोट आपटायचे.

टक. की एक ताट.

कोण आलंय, विचारायचं नाही. वाढायचं, फळीवर सरकवायचं.

सासरे गेले. मग हेही गेले. नवा रस्ता लांबून निघाला आणि गिऱ्हाईक आटलं.

मुलगा म्हणाला, "आई, विकून टाकू. बायको-पोरं शहरात, आणि मी इथे माश्या मारतोय."

मी हो म्हटलं. त्या दुपारी घेणारा जागा बघायला येणार होता.

बाहेर गाडी थांबल्याचं ऐकलं.

आणि झडपेवर... टक.

हाताला सवय. ताट सरकवलं.

टक.

पुन्हा... टक.

"अरे, अख्खं गाव जेवायला आणलंस की काय?" मी ओरडले.

ताटं पलीकडून कुणीतरी ओढून घेत होतं...

तेवढ्यात मुलगा मागच्या दाराने आला. "कुणावर ओरडतेस? आम्ही आत्ता उतरतोय. पाहुणे पुढच्या दाराने येतायत."

मी खिडकीतून डोकावले.

हॉल रिकामा.

टेबलांवर ताटं... चाटूनपुसून साफ.

दारात घेणारा उभा होता. हसून म्हणाला, "धंदा बसलाय म्हणालात! इथे तर टेकायला जागा नाही."

मुलाने मला डोळ्यांनी दटावलं. पण माझ्याच्याने राहवेना.

"दादा, आत कुणीच नाही हो."

त्याने पुन्हा आत पाहिलं. तोंडावरचं हसू उतरलं. तो गाडीकडे पळालाच.

"जरा गप्प बसली असतीस तर आज सुटलो असतो!" मुलगा चिडला.

संध्याकाळी त्या माणसाचा फोन आला. मुलगा ऐकता ऐकता माझ्याकडे बघायला लागला.

"काय म्हणतोय?"

"जागा नको म्हणतोय. आणि... आईला तिथे ठेवू नका म्हणतोय."

"का रे?"

"त्या गर्दीत, भिंतीकडच्या टेबलावर... तू जेवत होतीस म्हणे."

मी तर शेगडीपाशी होते.

आता मुलगा रोज म्हणतो, "विकणं गेलं खड्ड्यात. कुलूप लाव आणि चल."

मलाही जायचंय. पण निघायची वेळ आली, तर आम्हा दोघींतली कोण त्याच्या गाडीत बसेल...

ते मला सांगता येत नाही.