तातांग बाकावर का

बांडुंगमध्ये बी ओनेहच्या, म्हणजे ओनेहमावशीच्या, बातागोरच्या दुकानावर एक खोली होती. खाली माशाचे वडे तळले जात, वर पाच जण फुटबॉलचा व्हिडिओ गेम बनवत. खोलीचा रिवाज असा, की गेममधल्या एका संघात या पाचांचीही नावं खेळाडू म्हणून घातलेली. त्या संघात कोण खेळणार आणि कोण बाकावर बसणार, हे संगणकातला प्रशिक्षक ठरवायचा.

तो प्रशिक्षक तातांगने आठ वर्षं पोसला होता. ठार मठ्ठ होता. एकदा त्याने सात गोलरक्षक विकत घेतले, सातही एकाच सामन्यात उतरवले आणि पाच गोल खाल्ले. तातांगला त्याचा अभिमान होता.

मग पाचवी म्हणून नेनेंग आली. तीन आठवड्यांत तिने प्रशिक्षकाला अक्कल दिली. तो दमलेल्याला विश्रांती देऊ लागला, प्रत्येक निर्णयाखाली कारणही लिहू लागला.

गेमचे मालक कांग दादान, म्हणजे दादानदादा, खूश झाले. "उद्या सामना बघतो. मग या कामाचा प्रमुख कोण ते ठरवू."

"आठ वर्षं मी काय माशा मारल्या?" तातांग पुटपुटला.

जेवणाच्या सुट्टीत त्याने गुपचूप नेनेंगच्या खेळाडूचा वेग वीसवरून दोनवर आणला, स्वतःचा वीस केला आणि सामना लावला. नेनेंगने जवळजवळ रांगत दोन गोल केले. तातांग बाकावर. कारण: 'जेवलेला नाही.'

खरंच जेवला नव्हता.

सगळे परतल्यावर त्याने विचारलं, "नेनेंग, यात जेवणाचं काय घातलंस?"

"जेवणाचं? मी फक्त थकवा मोजते, कांग. का, भूक लागली?"

पुन्हा सामना, पुन्हा बाक. कारण: 'पाय हलवतोय.'

तातांगने टेबलाखालचा पाय थांबवला.

तिसऱ्यांदा: 'नेनेंगच्या आकड्यांना हात लावला.'

हे उद्या कांग दादान वाचणार. त्याने सगळे आकडे पूर्ववत केले. ओळ तशीच. ओळ पुसली. परत आली.

नेनेंग शेजारी गुणगुणत होती. तिचं ते गुणगुणणंसुद्धा त्याला खुपलं.

शेवटी त्याने स्वतःचा खेळाडूच पुसून टाकला. नाव गेलं. ओळही गेली. त्याला हायसं वाटलं.

जिन्यात चपला वाजल्या. बी ओनेह दुपारच्या खाण्याचा ट्रे घेऊन आली. रोज माणशी एक बशी. तिने बशा मांडल्या.

चार.

"बी, माझी?"

कुणी मान वर केली नाही.

"चौघांना खोली मोठीच आहे," कांग दादान वडा मोडत म्हणाले.

पडद्यावर नवी ओळ उमटली: 'एक जागा रिकामी. घाई नाही.'

बी ओनेहने ट्रे ठेवायला जागा शोधली, आणि तातांग बसला होता त्याच खुर्चीवर ठेवला.

ट्रेमधल्या उरलेल्या वड्यांतून वाफ येत होती. तातांगला मांडीवर काहीच जाणवलं नाही.