फक्कीची रेघ आणि सत्तावीस मेंढरं

पौडच्या जुन्या पेठेत पल्लवी गुडघ्यांवर बसून चुन्याच्या फक्कीची रेघ ओढत होती आणि नेमकी तेव्हाच... सत्तावीस मेंढरं तिच्यावर चालून आली!

"अहो, थांबवा! पुसतंय सगळं!"

"मेंढराला ब्रेक नसतोय, मॅडम," मागून आवाज आला.

काठी खांद्यावर आडवी, हसू ओठांत दाबलेलं... असा हा मेंढपाळ माउली! पल्लवीच्या काळजात उगीचच लक्कन हललं. पण ही काय वेळ होती? अकराला सरपंच कल्पनाताई मंडळी घेऊन येणार होत्या. पेठेत पायी चालणाऱ्यांसाठी वाट राखायची की सगळी गल्ली गाड्यांना आंदण द्यायची, ते आजच ठरणार! आर्किटेक्चर शिकणाऱ्या पल्लवीनं त्यासाठी महिनाभर लोकांना विचारत घरोघर चहा ढोसला होता. आणि आता वाटेच्या सरळ रेघेच्या जागी नुसते वाकडेतिकडे पांढरे खूर!

"लई वाईट झालं का?"

"रडूच येतंय मला!"

"नगा रडू. नाकाला फक्की लागलीय, तिचा चिखल व्हईल."

तिनं नाक पुसलं. बोटांची फक्की गालालाही लागली. तो आता उघड उघड हसत होता — मेला!

इतक्यात माउलीची आजी, तुकाबाई, काठी टेकत आली आणि खुरांमागून तशीच वळत निघाली.

"आजी, वाट इकडून सरळ आहे!"

"तितं गटाराचं झाकण डुगडुगतंय, बाय. मेंढरू टाळतंय, मी बी टाळते. मागल्या म्हैन्यात तितंच आपटले."

"मला कुणी बोललं कसं नाही?"

"घरात बसवून इचारलंस गं. चाललीस कुनासंगं?"

पल्लवीनं कपाळावर हात मारला. कपाळही पांढरं!

"माउली... मेंढरं परत आणा! त्यांच्या खुरांमागूनच रेघ ओढते!"

"आत्ता तर हाकलत हुता की!"

अकरा वाजता कल्पनाताई त्या वळणदार वाटेवरून तुकाबाईचा हात धरून टोकापर्यंत चालल्या. "झकास! कुणी आखली?"

"आजींनी. आणि सत्तावीस मेंढरांनी."

मंजूर! मंडळी पांगली. माउली काठीनं माती उकरत राहिला.

"पावसात पानी कुटं तुंबतंय, ते चालूनच बघाय लागंल न्हवं?... मी येऊ?"

"मेंढरं घेऊन?"

"न्हाई... एकटाच. रोज आलो तरी चालंल?"

पल्लवीचे कान लाल झाले. "चालेल की," ती पुटपुटली.

"मग वाट दोगं जोडीनं चालतील एवढी ठेव गं!" तुकाबाई पुढूनच ओरडली.

पल्लवीनं मान खाली घातली, फक्कीची मूठ भरली... आणि रेघ चांगली हातभर बाहेर सरकवली.