लिंबाची फांदी आणि कुसुममायचा चहा

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो कुसुममायच्या कडुलिंबावर होता आणि मी आमच्या गच्चीवर, हातात पिळलेली चादर घेऊन. चादर झटकून मान वर केली तर समोरच्या पानांतून एक चेहरा माझ्याकडे बघत होता. कमरेला दोर, डोक्याला रुमाल आणि गालावर लाकडाचा भुसा.

"मॅडम, चादर जरा तिकडं वाळत घाला. भुसा उडायलाय."

"ही आमची गच्ची हाय."

"गच्ची तुमचीच. भुसा माझा."

मला हसू आलं. ते त्यानं पाहिलं, म्हणून राग आला. मला राग पटकन येतो; घरचे म्हणतात, आणि झरीच्या शाळेत मी ज्यांना शिकवते त्या पोरीही आपसात म्हणतात.

"नाव काय तुमचं?"

"भुजंग."

"तरीच झाडावर."

"पाळण्यात लय वळवळ करायचो म्हणं," तो म्हणाला. "आन् तुमचं?"

"धम्मशीला. तुमाला फोन मीच केला होता."

"आवाजावरून वाटलं... भांडखोर असतील."

फोन करायला कारण तसंच होतं. कुसुममाय आमची शेजारीण. तिच्या नवऱ्यानं, सिताराममामांनी लावलेला लिंब आता तिच्या घराच्या दुप्पट झाला होता. मामा गेले, मग गुडघे गेले, तेव्हा तिची मजुरीही सुटली. निराधार योजनेचे पैसे येतील तेव्हा येतात. आणि लिंबाची एक जाडजूड फांदी वाळवीनं पोखरून नेमकी तिच्या पत्र्यांवर झुकली होती. त्याच पत्र्यांखाली ती झोपते. लाकूड तोडणारे आले, बघून गेले. एक तर पैसे द्या म्हणाले, नाही तर अख्खं झाड. पैसे तिच्याकडे नव्हते आणि झाड ती देणार नव्हती. मग परभणीतल्या, भुजंगच्या मंडळाचं कळलं. एकट्या, गरीब म्हाताऱ्या माणसांच्या दारातली झाडं ते फुकट सांभाळून देतात. धोक्याच्या फांद्या काढतात, वाळवीला औषध मारतात. वळवाचं वारं सुटायच्या आत या, असं मी तीनतीनदा बजावलं होतं.

तर त्या दिवशी दुपारपर्यंत मी कपडे वाळत घातले. संपल्यावर वाळलेले पुन्हा भिजवून, पिळून घातले. करवत थांबली की त्याची नजर गच्चीकडे यायची, आणि माझी... माझी आधीच तिकडं असायची. खाली दोर धरून बसलेला त्याचा जोडीदार बजरंग उगीचच खोकायचा.

मग कुसुममायनं चहा केला. पाहुण्यांसाठी ठेवलेले फुलाफुलांचे कप काढले, तांब्याभर पाणी घेतलं आणि ताटली दोन्ही हातांनी धरून ती लिंबाखाली येऊन उभी राहिली. भुजंग खाली उतरला, घाम पुसला आणि हात जोडले.

"नको माय. आमी काही घेत न्हाई."

एवढं बोलून तो मोटारसायकलीकडे गेला, पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि घटाघटा पाणी प्यायला.

कुसुममाय तशीच उभी. ज्यांच्या शेतात ती जन्मभर राबली, त्यांच्या दारात तिनं वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायलंय. आपल्या घरचं पाणी कुणी नाकारलं म्हणजे काय, हे आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. मला तर गच्चीवर उभ्या उभ्या कानांपर्यंत आग लागली. आणि याच माणसासाठी मी सकाळपासून वेणी सारखी करत होते.

"दोर सोड," कुसुममाय हळू म्हणाली. "आन् जा."

"माय, फांदी अर्धी कापून झाली. आता सोडली तर..."

"पडंल तर माझ्या डोक्यावर पडंल. ज्याला माझ्या घरचं पाणी नको, त्याचा हात माझ्या झाडाला नको."

ताटली ओट्यावर ठेवून ती आत गेली. मी चप्पलही न घालता जिना उतरले.

"शरम वाटती का?"

"अहो, पण मी केलं काय?" त्याचा चेहरा खरंच कोरा होता, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

"बाटलीतलं पाणी गोड लागलं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग दाराकडे, कपांकडे. त्याच्या तोंडाचा रंग उतरला.

"तसं न्हाई हो... आमचा नियम हाय. मीच केलाय. मागं एका म्हातारीनं आमच्या चहासाठी शेजारणीकडून साखर उसनी आणली. मला लय कसंतरी झालं. तवापासून ज्याच्या दारात काम, त्याच्या घरचं काही घ्यायचं न्हाई. जात माझ्या डोक्यातबी नव्हती."

"तुमाला डोक्यात ठेवायची गरजच पडली न्हाई. आमाला पडती. फोनवर वय विचारलं, घरात कोण कमावतं ते विचारलं. तिला तुमाला काही द्यावं वाटंल का, हे विचारलं?"

"न्हाई."

"का? गरीब माणसानं नुसतं घ्यायचं?"

वर पानं सळसळायला लागली होती. वारा वाढला तशी अर्धी कापलेली फांदी करकरली, आणि बजरंगनं दोर पोटाशी घट्ट धरला.

"आता आत जाऊन चहा पितो," भुजंग म्हणाला.

"फांदीसाठी? तिला कळत न्हाई व्हय?"

तो थांबला. फांदीचा दोर त्यानं खोडाला दुहेरी करून आवळला, आणि मग ओट्याच्या पायरीपाशी जाऊन उभा राहिला.

"माय, झाडाचं तुमी न्हाई म्हणला, तर न्हाई. फांदी बांधून ठेवलीय. आमी जातो. पण जायच्या आधी... सकाळपासून पोटात काही न्हाई. भाकर असंल तर द्या."

आतून भांडं वाजलं.

"ठेचा तिखट हाय," कुसुममाय म्हणाली.

"आमच्या घरचाबी तिखटच असतो."

रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, ओट्यावर मांडी घालून तो आणि बजरंग जेवले. तिच्याच ताटात जेवले, तिच्याच तांब्यानं पाणी प्यायले. ठेच्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तरी त्यानं आणखी मागितला. कुसुममाय भिंतीला टेकून बघत होती. शेवटी म्हणाली, "हात धू आन् चढ. वारं सुटायलंय. माझे पत्रे नवे न्हाईत."

फांदी अलगद अंगणात उतरली, एकाही पत्र्याला न लागता. मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि लगेच लक्षात आलं की मी त्याच्यावर चिडलेली आहे.

तो निघताना फाटकाशी रेंगाळला. पालमकडचं गाव, मेंढरं-शेळ्यांचं घर, पाला काढता काढता झाडावर चढायला शिकलो — न विचारता सगळं सांगून झालं.

"अजून राग हाय?" त्यानं विचारलं.

"आज कुठं जेवलात, हे घरी सांगाल?"

"सांगतो की."

"आईला?"

तो मोटारसायकलीच्या आरशावरची धूळ बोटानं पुसत बसला. त्या गप्प बसण्यातच तो माझ्या मनातून उतरला. ओट्यावर जेवणं सोपं होतं, गाव परकं होतं. मी फाटक लावून घेतलं.

पुढचे काही दिवस मी शाळेत उगाच पोरींना रागावले. फोन वाजला की स्क्रीन बघायचे आणि दुसऱ्याच कुणाचा असला की त्या माणसावर चिडायचे. कुसुममाय म्हणायची, "पोरगं वाईट न्हाई." मी म्हणायचे, "चांगलं असून उपयोग काय, तोंड उघडत नसंल तर?"

मग एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

"सांगितलं."

"मग?"

मागे शेळ्या ओरडत होत्या.

"भुजंग?"

"आईनं माझं ताट-तांब्या वेगळं काढलंय. गोठ्याकडच्या कोनाड्यात. लोक काय म्हणतील म्हणं... मला आधी वाटलं, चेष्टा करायलीय. जेवायला बसलो तर तिनं भाकर वरून टाकली. आईच्या हातची भाकर हाय, धम्मशीला. घशाखाली उतरंना."

मॅडम न म्हणता त्यानं पहिल्यांदाच नाव घेतलं होतं. 'आता कळलं ना,' हे वाक्य मी किती दिवस जपून ठेवलं होतं. ते तोंडातून निघालंच नाही. मला फक्त तो कोनाडा दिसत होता, आणि तो भिंतीतून उखडून काढावासा वाटत होता.

"ऐका," मी म्हणाले. "तिथं बसून जेवायचं न्हाई. ताट उचला आन् चुलीपाशी जाऊन बसा. उठवलं तर पुन्हा बसा. माय हाय तुमची, भांडा तिच्याशी. आन् रविवारी इकडं या."

"फांदी तर झाली की. आता कशाला?"

"मला तुमी आवडता म्हणून. झालं समाधान?"

पलीकडे शेळ्यासुद्धा ओरडायच्या थांबल्यासारख्या वाटल्या.

"हे... भांडल्यासारखं का सांगायलात?"

"राग आलाय म्हणून. राग उतरला की मला सांगता यायचं न्हाई."

तो हसला. रडता रडता हसतात तसं.

"मग उतरू देऊ नका," तो म्हणाला. "मी येईपर्यंत."