सवतीचं जेवण

घरात दोन पूरक आहार होते. एक आईसाठी, व्हॅनिलाच्या वासाची पावडर. दुसरा काचेच्या टाकीतल्या जिवंत पोवळ्यांसाठी, तपकिरी बाटलीत. त्याला ओल्या जाळ्यासारखा वास यायचा. आई पावडरीला तोंड लावत नव्हती. पोवळी बाटलीवर तुटून पडायची. अर्थात पोवळ्यांचं तुटून पडणं दिसायला अर्धा तास टक लावून बसावं लागतं, ते सोडा.

टाकी बाबांची. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती बैठकीच्या खोलीत आणून ठेवली, भिंतभर लांब, निळ्या दिव्याखाली. आईने त्याच दिवशी तिचं नाव सवत ठेवलं. रोज संध्याकाळी बाबा पंप बंद करायचे, कारण पाणी वाहतं राहिलं तर खाणं पोवळ्यांच्या तोंडाशी टिकत नाही. मग टाकीकडे बघून हाक मारायचे, "चला, पानं घेतली!" आणि ड्रॉपरने थेंब सोडायचे.

"दगडांना आवतण!" आई म्हणायची. "मला जन्मात कधी बोलावलंत का असं?"

बाबा गेले आणि आईचं जेवण सुटलं. टाकीसमोर खुर्ची टाकून ती बसून राहायची. ताट यायचं तसं परत जायचं. डॉक्टर म्हणाले, वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल.

आईजवळ आता धाकटा मुलगाच होता. तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायचा. विपरीत काही दिसलं तर दोष काचेत असतो, हे त्याचं तत्त्वज्ञान. टाकी त्याच्याच गळ्यात पडली होती. एका संध्याकाळी पंप बंद करताना त्याने गंमत म्हणून बाबांचा आवाज काढला, "चला, पानं घेतली!" आणि थेंब सोडले.

मागे आईने आवंढा गिळला. पालथ्या हाताने ओठ पुसले.

"आज खारट झालंय," ती म्हणाली.

तो पोट धरून हसला. कित्येक दिवसांनी आईने विनोद केला होता.

पुढच्या तपासणीला वजन वाढलेलं निघालं. डॉक्टर खूश. "काय देताय?"

"पूरक आहार," धाकटा म्हणाला. खोटं नव्हतं.

तरी शंका नको म्हणून एकदा आई अंघोळीला गेलेली असताना त्याने हाक न मारता, चोरासारखे थेंब सोडले. न्हाणीघरातून आवाज आला, "अरे, बाटली हलवली नाहीस का? पातळ लागतंय."

त्याने बाटली हलवली नव्हती. आणि आईने ती बाटली उभ्या आयुष्यात हातात धरली नव्हती.

मग त्याने थेंब द्यायचेच बंद केले. दोन दिवसांत आईचे गाल आत गेले. तिसऱ्या दिवशी त्याने मुकाट्याने बाटली हलवली.

आई सुधारली. गालांवर गुलाबी रंग चढला. बोलणं मात्र आटत गेलं. टाकीचा दिवा मालवला की तिची बोटं एकेक करून मुठीत जायची, सकाळी दिवा लागला की उलगडायची. आणि केस. थंडी वाजते म्हणून ती पंखा लावू देत नसे, तरी तिचे मोकळे केस हलत राहायचे. सावकाश एका बाजूला, मग सावकाश दुसऱ्या. धाकट्याने खिडकीच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या. केसांना त्याचं काही नव्हतं.

सासरहून ताई आली ती आईला बघून दारातच थबकली. "ही बोलत का नाही? तू हिला घालतोस तरी काय?"

"हिला काही नाही. टाकीला घालतो."

"तुझे विनोद आवर हं! ही टाकीच काढून टाकू."

"ताई, टाकी गेली तर आई उपाशी मरेल."

"या टाकीपायीच ती अशी झालीये," ताई म्हणाली. "उद्या माणूस बोलावते."

जन्मभर थट्टा केलेल्या माणसाने खरं सांगू नये. ते कुणी ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी टाकीवाला बादल्या घेऊन आला. बाह्या सरसावून त्याने टाकीचं झाकण काढलं.

"आधी तो पंखा बंद कर," ताई धाकट्याला म्हणाली. "केस बघ, तोंडावर येतायत तिच्या."

"पंखा बंदच आहे."

ताईने वर पाहिलं. मग आईकडे. केस डावीकडे जात होते. मग उजवीकडे.

टाकीवाल्याने पंपाचं बटण दाबलं. घरघर थांबली.

आईचे केस थांबले. सावकाश खाली येऊन खांद्यांवर टेकले.

तिने तोंड उघडलं.

"हे बघा," टाकीवाला म्हणाला. त्याची पाठ त्यांच्याकडे होती, नाक काचेला लागलेलं. "पंप थांबला की यांना वाटतं, जेवण आलं. उघडली बघा तोंडं."



आईचं तोंड उघडंच होतं.

ताई खुर्चीला वळसा घालून टेबलापाशी गेली. तिने तपकिरी बाटली उचलली. हात थरथरत होता, त्यामुळे बाटली आपोआपच नीट हलली.

"किती थेंब?" तिने विचारलं.