अंगावरच्या दुधाचं माप

बाळ आईच्या अंगावर किती दूध पितं, ते मोजायचं कसं? तिथे ना वाटी, ना चमचा! चंद्रावरच्या वस्तीत सगळ्यांना हाच घोर लागला होता, कारण रेवाच्या धाकट्या भावाचं वजन काही केल्या वाढेना. वस्तीत वरचं दूध मिळत नव्हतं. आईचं कमी पडत असेल, तर दोघांना पुढच्या यानाने पृथ्वीवर जावं लागणार आणि रेवा बाबांजवळ राहणार. तिला ते मुळीच नको होतं.

वस्तीचे डॉक्टर म्हणजे तिचे आजोबाच. त्यांनी आईला पेलाभर पाणी प्यायला दिलं.

"हे औषध आहे?" रेवाने विचारलं.

"छे गं! पाण्यातल्या हायड्रोजनला एक जड भाऊ असतो, ड्युटेरियम. त्याच्या केंद्रात एक न्यूट्रॉन जास्त. अशा भावाला समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचं वेगळ्या वजनाचं रूप) म्हणतात. या पाण्यात तो मुद्दाम जास्त घातलाय. हा स्थिर आहे. फुटत नाही, किरण सोडत नाही. आईच्या अंगातून तो दुधात उतरेल, दुधातून बाळाच्या लाळेत. लाळेत जितका जास्त, तितकं दूध बाळ प्यालं."

"आणि बाळाच्या तोंडात हे पाणीच गेलं तर?"

"मग लाळ आपल्याला फसवेल. दूध भरपूर आहे असं वाटेल, आणि बाळ उपाशी राहील."

रेवाचं धाबं दणाणलं. आई काही खाऊ-पिऊ लागली की बाळालाही बोटाने चाटवायचं, ही त्यांच्या घरची रीत. आत्ताच रेवाने पेल्यातलं पाणी त्याला दोन-तीनदा चाटवलं होतं.

गप्प राहिलं तर आई इथेच राहील! पण बाळाची मनगटं किती बारीक झाली होती.

"आजोबा, मी चाटवलं," ती रडतच म्हणाली.

आजोबांचा चेहरा उतरला. "त्यानंतर तो दूध प्यायलाय?"

"नाही."

"मग वाचलो. ते पाणी अंगात मुरलं, की पाजायच्या आधी लाळ घेऊ. तेवढं हिशेबातून वजा करता येईल."

बाळ भुकेने टाहो फोडत होतं आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. अखेर लाळ घेतली, मगच आईने त्याला पदराखाली घेतलं.

पुढे पंधरवडाभर आजोबा दोघांची लाळ तपासत राहिले, तेव्हा उत्तर आलं. दूध खरंच कमी पडत होतं.

यान सुटलं तेव्हा रेवा ओक्साबोक्शी रडली. महिन्याभराने आई पडद्यावर दिसली. बाळाचे गाल चांगले वर आले होते.

"बघ, कडेवर मावत नाही आता!" आई म्हणाली.

रेवाने डोळे पुसले. "आजोबा, वरचं दूध इथेच करायला शिकू या. पुढच्या बाळाच्या ताईला एवढं रडायला नको."