एकटीपुरती भाजी

"चार एकर मका लावणाऱ्या मालकीणबाई एकच वांगं विकत घेतात?"

तिनं चमकून वर पाहिलं. नेहमीची भाजीवाली आली नव्हती, म्हणून ती आज पहिल्यांदाच बाजाराच्या या कोपऱ्यात आली होती. भाजीवाला तिच्याच वयाचा... आणि डोळे भलतेच मिश्कील.

"तुम्हाला काय ठाऊक माझा मका?"

"रस्त्यावरून दिसतो ना. बांधावर तुम्हीही दिसता."

तिला हसू फुटलं. किती दिवसांनी, ते तिलाच आठवेना. वडील गेले, तेव्हापासून शेत ती एकटीच सांभाळत होती. कधी कधी अख्खा दिवस जायचा, पण तोंडातून शब्द निघायचा नाही.

"घराला अंगण आहे?" त्यानं विचारलं.

"आहे की. पण अंगणात काय पिकणार? पिकवायला शेत आहे."

"इथंच चुकतं आपलं! शेतातलं व्यापारी नेतो. आपल्या पोटाचं अंगणात लावावं. मला तर शेतच नाही... हे सगळं माझ्या अंगणातलं."

त्यानं पुडीत बी बांधून दिलं. मग दर आठवड्याला ती एकटीपुरती भाजी घ्यायला आणि काहीतरी विचारायला यायचीच.

"पाणी कुठलं घालू?"

"तांदूळ धुतलेलं चालेल. साबणाचं नको. आणि रोपांशी जरा बोला."

"काय बोलू?"

"माझ्याबद्दल तक्रारी करा!"

शेजारची फळवाली मावशी तोंडाला पदर लावून हसायची. हिचे मात्र कान तापायचे.

अंगण हिरवंगार झालं. पालक आला, वांगी लगडली, कोथिंबीर तर आवरेना. बाजाराला जायचं कारणच उरलं नाही. तीन आठवडे ती गेली नाही. समोर ताजी भाजी वाढून ती जेवायला बसायची, आणि निम्मी तशीच टाकून उठायची. घर इतकं गप्प तिला आधी कधी वाटलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात ती रिकामी पिशवी घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काय देऊ?" त्याच्या आवाजात आज थट्टा नव्हती.

"काही नको. सगळं घरचंच आहे."

"वाटलंच. चांगलं गिऱ्हाईक मी माझ्या हातानं घालवलं."

"मग शिकवलंत कशाला?"

तो जुड्यांवर पाणी शिंपडत राहिला. "दर वेळी एकटीपुरतं घ्यायचात... बघवायचं नाही. वाटलं, घरात काहीतरी वाढताना दिसलं, तर बरं वाटेल तुम्हाला."

तिचे डोळे भरून आले. मावशी उगाचच पलीकडे वळून फळं पुसू लागली.

"नाही वाटत बरं," ती म्हणाली. "एकटीला संपत नाही ते."

"विकायला आणा मग—"

"विकायचं नाहीये मला!" ती जवळजवळ ओरडलीच. मग आवाज एकदम खाली आला. "उद्या... जेवायला ये ना."

त्याचा हात थांबला. ते 'ये' त्यानं नीट ऐकलं होतं.

"भाजी कुठली करशील?"

"ते तू ठरव," ती म्हणाली. "लवकर ये, आणि तूच तोड."